नेट एकच, कामं दहा: महत्त्वाच्या कामासाठी जागा कशी राखाल?

जुलै २०२४ हा महिना महाराष्ट्रातल्या सेवा केंद्रचालकांच्या चांगलाच लक्षात असेल. लाडकी बहीण योजनेचे अर्ज १ जुलैपासून सुरू झाले आणि एक रुपयातल्या खरीप पीकविम्याची मुदतही त्याच महिन्यात होती. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत या पाच तालुक्यांचा आपला जिल्हा सोयाबीन आणि हळदीवर जगतो. विम्याच्या मुदतीचा शेवटचा आठवडा इथल्या केंद्रांवर कसा जातो, हे वेगळं सांगायला नको.

अशा दिवसांत काउंटरच्या आतून एक उत्तर हमखास ऐकू येतं: सर्व्हर डाऊन आहे. कधी ते खरं असतं. पण पुष्कळदा सरकारी सर्व्हर व्यवस्थित चालू असतो आणि तुंबलेली असते ती केंद्राची स्वतःची लाइन. त्याच लाइनवर शेजारच्या खोलीतला कॅमेरा चोवीस तास चित्रण वर चढवत असतो, एखाद्या लॅपटॉपवर विंडोज अपडेट उतरत असतं, वायफायचा पासवर्ड ठाऊक असलेल्या चार मोबाइलमधले फोटो आपोआप बॅकअप होत असतात. या सगळ्यांच्या मागे एका आजोबांच्या अंगठ्याची पडताळणी खोळंबलेली असते. अंगठ्याच्या त्या माहितीचा आकार काही किलोबाइट. ती अडते ते लाइन छोटी आहे म्हणून नाही, पुढची रांग कोणी लावलेली नाही म्हणून.

ही रांग आपण लावू शकतो, आणि त्यासाठी मोठा प्लॅन लागतोच असं नाही. केंद्रचालक, ग्रामपंचायतीचे कर्मचारी, शाळेचे मुख्याध्यापक, स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिका चालवणारी मंडळी, आणि एका कनेक्शनवर पाच-सहा माणसं असलेली घरं, या सगळ्यांसाठी हा लेख आहे.

औंढा तालुक्यातल्या सिद्धेश्वर धरणाचा कालवा ज्यांच्या शिवारातून जातो, त्यांना शेजपाळी समजावून सांगावी लागत नाही. चारीच्या तोंडाशी असलेल्यानं दार उघडं टाकलं की टेलच्या शेतापर्यंत पाणी पोचत नाही, मग धरण भरलेलं असलं तरी. म्हणून पाळी ठरते. नेटचंही तसंच करायचं आहे. फरक एवढाच की इथे ज्याची पाळी आहे त्यानं नेट वापरलं नाही, तर त्याचा वाटा त्याच क्षणी दुसऱ्याला मिळतो आणि त्याला गरज पडताच परत येतो. महत्त्वाच्या कामासाठी बँडविड्थ राखून ठेवली म्हणजे बाकीच्यांचं नेट बंद झालं, हा गैरसमज आधी दूर करायला हवा.

आधी मोजा, आणि अपलोड मोजा

प्लॅनच्या जाहिरातीतला आकडा बाजूला ठेवा. आपल्याकडे पुष्कळ फायबर प्लॅनमध्ये महिन्याचा कोटा संपला की वेग २ किंवा ४ एमबीपीएसवर उतरतो. टॉवरवरून चालणाऱ्या राउटरचा वेग सकाळी एक आणि रात्री आठला दुसराच असतो. म्हणून एक संगणक केबलनं राउटरला जोडा, बाकी सगळी उपकरणं वायफायवरून काढा आणि स्पीड टेस्ट घ्या. सकाळी, दुपारी बाराच्या सुमारास आणि रात्री अशी, दोन-तीन दिवस. वहीत डाउनलोड आणि अपलोड वेगवेगळं लिहा. पुढच्या सगळ्या हिशेबाला त्यातले कमीत कमी आकडे धरायचे.

लोक डाउनलोड बघतात आणि अपलोडकडे दुर्लक्ष करतात. सेवा केंद्राचं काम मात्र मुख्यतः अपलोडचं आहे: सातबारा, आधार, बँक पासबुक, फोटो, स्वयंघोषणापत्र सगळं इथून वर जातं. साधा हिशेब करा. रंगीत आणि ३०० डीपीआयवर स्कॅन केलेलं एक पान सहज ४ एमबीचं होतं. ४ एमबी म्हणजे ३२ मेगाबिट. अपलोड १ एमबीपीएस असेल तर एका पानाला किमान ३२ सेकंद लागतात, आणि तेवढा वेळ लाइन पूर्ण भरलेली राहते. तेच पान ग्रेस्केलमध्ये १५० डीपीआयवर स्कॅन करून २०० केबीत बसवलं, तर दोन सेकंदांच्या आत जातं आणि वाचायलाही स्वच्छ असतं. स्कॅनरची ही सेटिंग आजच बदलून घ्या. राउटरला हात न लावता मिळणारा हा सगळ्यात मोठा फायदा आहे.

आता दुसरी मोजणी, जी फारसं कोणी करत नाही. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये पिंग ही कमांड ८.८.८.८ या पत्त्यावर सतत चालू ठेवा. प्रत्येक ओळीच्या शेवटी वेळ मिलिसेकंदांत दिसते. लाइन मोकळी असताना हा आकडा ३०, ५०, फार तर ८० असेल. मग मोबाइलवरून एखादा मोठा व्हिडिओ ड्राइव्हवर चढवायला लावा आणि त्याच ओळींकडे बघत राहा. आकडा ४००, ९००, २००० असा चढत गेला, मधूनच ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ आलं, तर तुमचा आजार सापडला. अपलोड थांबवताच आकडा खाली येतो का, तेही बघा. हा प्रयोग केंद्रातल्या सगळ्यांना एकदा उभं करून दाखवावा. एका मोबाइलच्या बॅकअपनं काउंटरचं काय होतं, हे डोळ्यांनी पाहिलं की पुढचे नियम कोणाला जाच वाटत नाहीत.

असं का होतं? राउटर आणि मोडेममध्ये डेटा थोडा वेळ थांबवून ठेवायची जागा असते, तिला बफर म्हणतात. लाइन भरली की पुढचे पॅकेट तिथे साठतात. बफर २५६ केबीचा आणि अपलोड १ एमबीपीएस असेल, तर तो भरल्यावर नव्यानं आलेल्या प्रत्येक पॅकेटला सुमारे दोन सेकंद थांबावं लागतं. एखादं सुरक्षित संकेतस्थळ उघडताना संगणक आणि सर्व्हर यांच्यात आधी तीन-चार फेऱ्या होतात, मग पान यायला लागतं. प्रत्येक फेरीला दोन सेकंद धरले तर पान उघडायच्या आधीच सहा-आठ सेकंद गेले. अंगठा, ओटीपी, पेमेंट ही कामं वेळेच्या मर्यादेत बांधलेली असतात. इतकी दिरंगाई झाली की ती तुटतात आणि पुन्हा पहिल्यापासून करावी लागतात. त्यामुळे लाइनवर आणखी भार पडतो.

अमेरिकेतले संगणकतज्ज्ञ जिम गेटिस यांनी २०१०च्या सुमारास आपल्या घरच्या लाइनवर हाच त्रास मोजला आणि त्याला ‘बफरब्लोट’ हे नाव दिलं. कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२मध्ये त्यावर ‘कोडेल’ ही रांग सांभाळायची पद्धत मांडली. तिच्यावरून तयार झालेली ‘एफक्यू-कोडेल’ त्याच वर्षी लिनक्समध्ये आली, आणि पुढची ‘केक’ ही पद्धत २०१८मध्ये लिनक्सच्या मूळ गाभ्यात दाखल झाली. ही सगळी साधनं फुकट आहेत आणि साध्या राउटरवर चालतात. मराठवाड्यातल्या गावातल्या लाइनला ती जितकी लागू पडतात, तितकी शहरातल्या ३०० एमबीपीएसला लागत नाहीत, कारण लाइन जितकी मंद, तितकी रांग लांब.

गळती आधी बंद करा

राउटरच्या सेटिंगकडे वळण्याआधी लाइनवरचा फुकटचा भार काढून टाका. सगळ्यात पहिला संशयित सीसीटीव्ही. दोन मेगापिक्सेलचा एक कॅमेरा पूर्ण दर्जाचं चित्रण क्लाउडवर पाठवत असेल, तर साधारण १ ते २ एमबीपीएस अपलोड तो एकटा खातो. असे दोन कॅमेरे असतील तर १ एमबीपीएसच्या लाइनवर बाकी काही उरतच नाही, आणि ते रात्रंदिवस चालतात. चित्रण जागेवरच डीव्हीआरच्या हार्डडिस्कवर ठेवा. मोबाइलवर बघायचं असेल तेव्हा ‘सब-स्ट्रीम’ निवडा, ते कमी दर्जाचं पण पुरेसं असतं. क्लाउड रेकॉर्डिंग खरोखर हवंच असेल तर हालचाल दिसली तरच चित्रण जाईल असं ठेवा.

विंडोजमध्ये त्या नेटवर्कला ‘मीटर्ड कनेक्शन’ करा, म्हणजे बहुतेक अपडेट आपोआप उतरत नाहीत. पण महिन्यातून एकदा रात्री ते स्वतः चालवा, कारण लोकांचे आधार आणि बँकेचे तपशील हाताळणारा संगणक अपडेटशिवाय ठेवणं धोक्याचं आहे. ‘डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन’ हा पर्यायही तपासा. तो चालू असेल तर तुमचा संगणक उतरवलेले अपडेट इतर संगणकांना पुरवू शकतो. वनड्राइव्ह आणि गूगल ड्राइव्ह यांची आपोआप जुळणी दिवसा थांबवा. मोबाइलमध्ये फोटोंचा आणि व्हॉट्सअॅपचा बॅकअप बहुधा ‘वायफाय मिळालं की’ असा लावलेला असतो. केंद्राच्या वायफायवर येणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्याला तो बंद करायला सांगावं लागेल. अभ्यासिकेत मुलं तासांचे व्हिडिओ बघतात. तिथे ४८०पी दर्जाला साधारण १ एमबीपीएस लागतं आणि १०८०पीला त्याच्या चार-पाच पट. ज्या व्याख्यानात फळ्यावरचं लिखाण वाचता आलं की झालं, तिथे ४८०पी पुरतं. रात्री व्हिडिओ उतरवून ठेवायची सवय लागली तर दिवसाची लाइन सराव परीक्षेसाठी मोकळी राहते.

रांग आपल्या राउटरकडे घ्या

आता मूळ युक्ती. पुरवठादाराच्या मोडेममधली रांग तुमच्या ताब्यात नसते. म्हणून तुमच्या राउटरनं लाइनच्या खऱ्या वेगापेक्षा थोडं कमीच पाठवायचं. अपलोड २००० केबीपीएस मोजलं असेल तर राउटरला १८०० हीच मर्यादा सांगायची. मग मोडेममध्ये रांग साठतच नाही. ती तुमच्या राउटरमध्ये साठते, आणि तिथे पुढे कोण, मागे कोण हे तुम्ही ठरवता. दहा टक्के वेग हातचा सोडावा लागतो, पण बाकीचा नव्वद टक्के उपयोगी पडतो. ही मर्यादा घातली नाही तर पुढची सगळी प्राधान्यक्रमाची सेटिंग कागदावरच राहते. लोक राउटरमध्ये ‘क्यूओएस’ चालू करतात, मर्यादेची चौकट रिकामी सोडतात किंवा तिथे प्लॅनचा जाहिरातीतला आकडा भरतात, आणि मग म्हणतात, काही फरक पडत नाही.

डाउनलोडची रांग पलीकडच्या टोकाला असते, तिच्यावर थेट हात चालत नाही. तरी तिथेही मर्यादा घालायची. राउटरनं आलेले पॅकेट थोडे रोखले की पाठवणारा सर्व्हर आपण होऊन वेग कमी करतो. हे नियंत्रण अपलोडइतकं काटेकोर नसतं, म्हणून डाउनलोडला १० ते १५ टक्के जागा सोडा.

साधन कोणतं घ्यायचं, ते तुमच्या कुवतीवर आहे. पुरवठादारानं दिलेल्या फायबरच्या डबीत हे पर्याय सहसा नसतात किंवा अपुरे असतात, म्हणून तिच्यामागे आपला राउटर लावा आणि सगळी उपकरणं आपल्या राउटरवर आणा. जुन्या डबीचं वायफाय बंद करायला विसरू नका. ते चालू राहिलं तर त्यावरची माणसं तुमच्या नियमांच्या बाहेरून ये-जा करतील.

घरासाठी आणि छोट्या केंद्रासाठी बाजारात मिळणारा टीपी-लिंकसारखा साधा राउटर पुरतो. त्यातल्या ‘क्यूओएस’ भागात एकूण अपलोड-डाउनलोड भरायची चौकट आणि एखाद्या उपकरणाला ‘हाय प्रायॉरिटी’ द्यायची सोय असते. काही मॉडेलमध्ये ‘बँडविड्थ कंट्रोल’ नावाखाली प्रत्येक उपकरणाला किमान आणि कमाल आकडा देता येतो. दुकानात विकत घेण्याआधी हे दोन शब्द विचारून घ्या.

माझं पहिलं मत ओपनडब्ल्यूआरटीच्या बाजूनं आहे. ही राउटरसाठीची मुक्त प्रणाली आहे. तुमचं मॉडेल तिच्या यादीत आहे का हे आधी पाहावं लागतं, आणि ती टाकताना चूक झाली तर राउटर बंद पडू शकतो. म्हणून हे काम जाणत्या मुलाकडून करून घ्या. एकदा ती बसली की ‘एसक्यूएम’ हे पॅकेज टाकायचं, इंटरफेस म्हणून ‘वॅन’ निवडायचा, डाउनलोड आणि अपलोडचे कमी केलेले आकडे केबीपीएसमध्ये भरायचे आणि रांगेची पद्धत ‘केक’ ठेवायची. एवढ्यावरही मोठा फरक पडतो, कारण केक प्रत्येक उपकरणाला समान वाटा देऊ शकतं. एका लॅपटॉपनं पन्नास जोडण्या उघडल्या आणि काउंटरच्या संगणकानं एकच, तरी दोघांना सारखं मिळतं. मात्र राउटरमागे अनेक उपकरणं असल्यानं ‘नॅट’ आणि उपकरणानुसार वाटणीचे पर्याय चालू करावे लागतात. ते आपोआप लागलेले नसतात.

ज्या केंद्रात पाच-सात संगणक, पाहुण्यांचं वायफाय आणि कार्यालय असं सगळं एकत्र आहे, तिथे मायक्रोटिकचा राउटर बरा. त्यात प्रत्येक गटाला दोन आकडे द्यायचे असतात. ‘लिमिट-अॅट’ म्हणजे हमखास मिळणारा वाटा आणि ‘मॅक्स-लिमिट’ म्हणजे इतर स्वस्थ असतील तर कुठवर जाता येईल ती कमाल. सगळ्या लिमिट-अॅटची बेरीज एकूण मर्यादेपेक्षा जास्त होता कामा नये, नाहीतर जी लाइन नाहीच तिची हमी दिल्यासारखं होतं. प्राधान्याचा क्रम १ ते ८ असतो. १ सर्वांत वरचा. हमखास वाटे दिल्यावर जे उरतं, ते या क्रमानं वाटलं जातं. यात एक अडचण पुष्कळांना सापडत नाही: ‘फास्टट्रॅक’ नावाचा नियम चालू असेल तर पॅकेट या रांगांना वळसा घालून जातात आणि सेटिंग बरोबर असूनही परिणाम शून्य. तो नियम बंद करा. साध्या राउटरमध्येही ‘हार्डवेअर नॅट’ किंवा ‘हार्डवेअर ऑफलोडिंग’ असतं, त्याचाही हाच परिणाम होतो.

कोण आधी?

आता ज्या प्रश्नावर खरी ओढाताण होते तो. पूर्वी कोणता पोर्ट वापरला जातोय त्यावरून काम ओळखता यायचं. आज पीकविमा, यूट्यूब, बँक सगळं एकाच सुरक्षित मार्गानं जातं, राउटरला आत काय आहे दिसत नाही. म्हणून प्राधान्य उपकरणाला द्या आणि उपकरण कामाप्रमाणे ठरवा. ज्या संगणकावर अंगठा, ई-केवायसी, अर्ज आणि पेमेंट होतात, तो केबलनं जोडा आणि राउटरमध्ये त्याचा आयपी पत्ता कायम करून टाका. सर्वांत सोपा नियम असा की केबलवाले आधी, वायफायवाले नंतर. केबलचा आणखी एक लाभ आहे. वायफायवर दूर बसलेला एक जुना मोबाइल हवेतला पुष्कळ वेळ खातो, आणि त्यावर रांगेच्या सेटिंगचा काही इलाज चालत नाही.

मोबाइलचा पत्ता कायम करायला गेलात तर अँड्रॉइड १० आणि त्यापुढचे फोन प्रत्येक वायफायसाठी वेगळा बनावट मॅक पत्ता वापरतात. त्यामुळे कर्मचाऱ्यांसाठी एक आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी दुसरं, ‘गेस्ट’ वायफाय करणं सोपं. मर्यादा त्या गेस्ट वायफायलाच घाला. प्रत्येक मोबाइलच्या मागे धावू नका.

एक उदाहरण घेऊ. मोजलेलं डाउनलोड ४००० आणि अपलोड २००० केबीपीएस. मर्यादा लावली ३६०० आणि १८००. काउंटरच्या दोन संगणकांना मिळून अपलोडमध्ये ९०० हमखास. कार्यालयातल्या व्हिडिओ बैठकीच्या संगणकाला ५००. मध्यम दर्जाच्या व्हिडिओ कॉलला साधारण तेवढं लागतं, आणि नुसत्या आवाजाच्या कॉलला १००च्या आसपास. उरलेल्या सगळ्यांना ४००. डाउनलोडमध्ये १६००, १२०० आणि ८००. कमाल मात्र पहिल्या दोन्ही गटांना पूर्ण १८०० आणि ३६००, म्हणजे काउंटर बंद झाल्यावर कार्यालयाला सगळी लाइन मिळते. गेस्ट वायफायला कमालही थोडी खाली ठेवा.

शेवटच्या गटाला ४०० का, शून्य का नाही? कारण ज्याला काहीच मिळत नाही तो वाट शोधतोच. तो केबल उपसतो, पासवर्ड मिळवतो, काउंटरच्या संगणकावर बसतो. थोडा पण हमखास वाटा दिला की व्यवस्था टिकते. शिवाय गेस्ट वायफायवर बसलेला माणूस कदाचित पुण्यातल्या मुलाशी बोलत असेल किंवा परीक्षेचं प्रवेशपत्र उतरवत असेल.

प्राधान्य हुद्द्याला देऊ नका, कामाला द्या. यावर मी ठाम आहे. सरपंचांचा मोबाइल, साहेबांचा लॅपटॉप, मालकाचा टीव्ही पहिल्या रांगेत घालायचा आग्रह सगळीकडे होतो. कसोटी एकच लावा: हे काम आत्ता अडलं तर कोणाचं आणि किती नुकसान? मुदत संपत आलेला अर्ज, दारात उभ्या असलेल्या माणसाची बायोमेट्रिक पडताळणी, चालू असलेली ऑनलाइन परीक्षा आणि वैद्यकीय सल्ल्याचा कॉल ही कामं वर. पाच मिनिटं उशिरानं चालेल ते सगळं खाली. हे ठरल्यावर कागदावर लिहून राउटरजवळ चिकटवा. मासिक बैठकीत सगळ्यांसमोर ठरवलेला क्रम दुसऱ्या दिवशी कोणाच्या शब्दाखातर बदलत नाही.

वेळेप्रमाणेही वाटणी करता येते. शाळेत साडेदहा ते पाच वर्गाला प्राधान्य, पाचनंतर मोकळं. अभ्यासिकेत सराव परीक्षेच्या तासात व्हिडिओवर मर्यादा. बहुतेक राउटरमध्ये वेळापत्रकाची सोय असते. ती चालण्यासाठी राउटरचं घड्याळ बरोबर असावं लागतं. टाइम झोन भारताचा आहे ना, ते पाहून घ्या.

काही जणांच्या मनात शंका येते की हा नेट न्यूट्रॅलिटीचा भंग तर नाही? नाही. ट्रायचा फेब्रुवारी २०१६मधला वेगवेगळे दर आकारायला मनाई करणारा नियम आणि जुलै २०१८मध्ये दूरसंचार विभागानं मान्य केलेली तत्त्वं ही सेवा पुरवठादारांना बांधतात. त्यांनी एका संकेतस्थळाला झुकतं माप द्यायचं नाही. तुम्ही घेतलेल्या लाइनवर तुमच्या कार्यालयात आधी कोणतं काम व्हावं, हे ठरवणं तुमचा हक्क आहे. मात्र गावासाठी सार्वजनिक वायफाय चालवत असाल तर मर्यादा काय आहे, हे वापरणाऱ्यांना दिसेल असं लिहून ठेवणं योग्य.

लावून झाल्यावर

सुरुवातीची पिंगची परीक्षा पुन्हा घ्या. एका मोबाइलवरून मोठा व्हिडिओ चढवा, काउंटरच्या संगणकावर पिंग चालू ठेवा. आधी जिथे आकडा हजाराच्या पुढे जात होता, तिथे तो मोकळ्या लाइनच्या आकड्याच्या जवळपास राहिला पाहिजे. अजून चढत असेल तर अपलोडची मर्यादा शंभर-शंभर केबीपीएसनं कमी करत जा. जिथे आकडा स्थिरावतो तीच तुमची खरी मर्यादा. टॉवरवरच्या राउटरला हे अवघड जातं, कारण त्याचा वेग सतत हलतो. तिथे रात्रीच्या गर्दीच्या वेळचा आकडा धरा. थोडं नुकसान होईल, पण काउंटर अडणार नाही. ओपनडब्ल्यूआरटीवर वेगाप्रमाणे मर्यादा आपोआप वर-खाली करणारी स्क्रिप्टही मिळते, ती जाणकारानं लावावी.

आणि जे या उपायानं होत नाही तेही लक्षात ठेवा. सगळी उपकरणं काढल्यावरही पिंग चढलेलाच असेल, तर दोष पुरवठादाराच्या बाजूला आहे. तिथे तुमची वही कामी येते. तारीख, वेळ आणि मोजलेले आकडे यांसह तक्रार करा, तक्रार क्रमांक घ्या, आणि समाधान झालं नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे जा. ट्रायच्या २०१२च्या नियमावलीत ही दोन पायऱ्यांची व्यवस्था आहे. जानेवारी २०२३पासून ब्रॉडबँड म्हणवून घ्यायला किमान २ एमबीपीएस डाउनलोड लागतं, तेवढंही मिळत नसेल तर तसं लिहून द्या. पिंग उत्तम, इतर संकेतस्थळं झटकन उघडतात आणि एकच पोर्टल अडतं, तेव्हा खरोखर सर्व्हर डाऊन असतो. लोकांना तसं सांगा आणि कधी परत यायचं तेही सांगा. कुणी परगावाहून मजुरी बुडवून आलेलं असतं.

ग्रामपंचायतीपर्यंत १०० एमबीपीएस पोचवायचं भारतनेटचं उद्दिष्ट आहे. २०११मध्ये मंजूर झालेली ही योजना तुमच्या गावात नीट चालत असेल, तर त्या लाइनवर ही सगळी सेटिंग आणखी हलकी होईल. पण फायबर तुटून पर्यायी मोबाइल नेटवर आलात, तर हीच व्यवस्था तुम्हाला तारेल. म्हणून राउटरमध्ये दोन्ही प्रकारच्या लाइनसाठी वेगळे आकडे तयार ठेवा. वीज गेल्यावर फायबरची डबी आणि राउटर दोन्ही चालतील असा छोटा १२ व्होल्टचा यूपीएसही घ्या.

हे सगळं मेच्या अखेरीस, पेरणीच्या धावपळीआधी करून ठेवा. सेटिंगची प्रत पेनड्राइव्हवर काढून ठेवा. राउटरचा अॅडमिन पासवर्ड बदला आणि तो दोनच माणसांकडे ठेवा. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात, दारात रांग असताना राउटरला हात लावू नका. त्या दिवसांत फक्त पिंगकडे लक्ष ठेवा, आणि आकडा चढला की कोणाचा बॅकअप चालू आहे ते शोधून बंद करा.